दाराबाहेर ठेवलेले जोडे

"आधी पाटी वाचायची, मग पाय टाकायचा."

पद्माकर शिंगटे हे वाक्य उठता-बसता म्हणायचा. इतकं, की त्याच्या बायकोला, ऊर्मिलाला, ते ऐकू येणंच बंद झालं होतं. घरातल्या माणसाला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही, तसं.

रहिमतपूरच्या पलीकडे ज्या गावात तो वाढला, तिथे एसटीच्या थांब्यावर एकच पाटी होती, आणि तिच्यावरचं गावाचं नाव पुसून कुण्या उमेदवाराचं निवडणूक चिन्ह रंगवलेलं होतं. पाट्यांच्या अशा दुष्काळातून निघालेला माणूस जर्मनीत उतरला आणि हरखून गेला. इथे झाडाला पाटी, बाकाला पाटी, कचऱ्याच्या प्रत्येक डब्याला पाटी. दुसरी माणसं जर्मनीत येऊन किल्ले बघतात, नद्या बघतात. पद्माकर पाट्या बघायचा, आणि डोळे भरून बघायचा.

नेकारसुल्ममध्ये तो इंजिनिअर होता. मोटारीच्या दाराला कडेने जे काळं रबर असतं, त्या रबराचा. बाहेरचा वारा, पाऊस आणि आवाज बाहेर राहावा, आतली ऊब आत राहावी, एवढ्यासाठी वीस वर्षं तो डोकं लावत होता. त्यामुळे आत कशाला म्हणायचं आणि बाहेर कशाला म्हणायचं, याबद्दल आपल्याइतका अधिकारी माणूस तिथल्या मराठी मंडळात नाही, असं त्याचं मत होतं. मंडळातलं कोणी विरोध करत नसे. विरोध केला की तो समजावून सांगायचा, आणि लोकांना घरी जायचं असायचं.

ऊर्मिला त्याला एरवी 'पद्माकर' म्हणायची. सासूबाई भारतातून आल्या की 'अहो' म्हणायची. आणि सासूबाई नसतानाही जर 'अहो' कानावर आलं, तर पद्माकरने समजून घ्यायचं की आज काही धडगत नाही.

अशा या सुखी माणसाला एकच बोच होती. ती म्हणजे त्याची मुलगी मुक्ता.

मुक्ता पंधरा वर्षांची. जन्म इथलाच. मराठी सगळं समजायचं, उत्तर जर्मनमध्ये यायचं. शाळेच्या सहलीत एकदा तिने पायांना स्कीच्या फळ्या बांधल्या आणि डोंगरावरून घसरली, ती पुढे घसरतच राहिली. क्लबात गेली, शर्यतीत उतरली. पद्माकर ऑफिसात तिचे लाल शिरस्त्राणातले फोटो इतके दाखवायचा, की लोक कॉफीच्या मशीनकडे जायची वेळ बदलायला लागले. पण लेकीला प्रत्यक्ष शर्यतीत उतरताना त्याने कधी बघितलं नव्हतं.

गेला नव्हता असं नाही. पहिल्या शर्यतीला वेळेवर पोचला होता. पण तिथे गाडीच्या काचेत आल्याची वेळ दाखवणारी निळी पार्किंग डिस्क लावा अशी पाटी होती आणि डिस्क घरी राहिली होती. दुसरा कोणी असता तर कागदावर वेळ लिहून काचेत ठेवून पळाला असता. पद्माकर शेजारच्या गावात पेट्रोल पंपावर डिस्क आणायला गेला. परत आला तेव्हा मुली गरम चॉकलेट पीत होत्या. पुढच्या वर्षी डिस्क होती, जास्तीचीही होती. पण फाटकाशी 'फक्त पासधारकांसाठी' असं लिहिलेलं. तो पासाच्या रांगेत उभा राहिला. खिडकीतल्या बाईने फार प्रेमाने सांगितलं, की हा पास लिफ्टचा आहे, बघायला येणाऱ्यांना लागत नाही. तोवर मुक्ताला तिसरं बक्षीस मिळून गेलं होतं. त्या बक्षिसाचा फोटो अजून घरात आहे. त्यात मुक्ताच्या शेजारी टाळ्या वाजवत उभा असलेला बाप दुसऱ्याच मुलीचा आहे.

या वर्षी जेवताना तिने सहज सांगितलं. जर्मनमध्ये, आवाज न चढवता. "बाबा, तू नाही आलास तरी चालेल मला."

ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं ऊर्मिलाला वाटलं. चिडलेलं माणूस अजून दारात तरी उभं असतं. हे वाक्य दार लावून घेतल्यासारखं होतं, आणि वारा यायला कुठे फटही ठेवलेली नव्हती. रबराच्या इंजिनिअरला ते कळलं असावं. पद्माकरने हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाला, "या वेळी मी खालच्या जाळीपाशी उभा असेन. तू वरून बघ. दिसलो नाही, तर पुन्हा कधी येतो म्हणणार नाही."

"गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', मुक्ता म्हणाली, आणि ताट उचलून गेली.

म्हणून ही कॅम्परव्हॅन. आल्गॉयच्या डोंगरात ज्या उतारावर शर्यत होती, त्याच्या पायथ्याशी मोठा पार्किंग लॉट होता, आणि तिथे कॅम्परमध्ये रात्री झोपायची सोय होती. शर्यत जिथे संपते तिथेच आदल्या रात्री झोपायचं. मग उशीर व्हायला जागाच कुठे उरते? पद्माकरने तीन दिवसांसाठी गाडी भाड्याने घेतली. मुक्ता क्लबाच्या मुलींबरोबर वरच्या वसतिगृहात राहणार होती. गाडीत पद्माकर, ऊर्मिला आणि पद्माकरची आई कुंदाताई. त्या हिवाळा बघायला म्हणून आल्या होत्या आणि आल्यापासून हिवाळ्याला नावं ठेवत होत्या.

निघायच्या आदल्या दिवशी पद्माकरने सगळं सामान बाथरूममधल्या वजनकाट्यावर चढवलं. गाडीत किती वजन चालतं याची पाटी गाडीच्या दारातच होती, आणि ती त्याने वाचली होती. चाकांच्या साखळ्या हव्यात, टॉर्च हवा, दोरखंड हवा, पाण्याचे कॅन हवेत. मग काय नको? जास्तीचे जोडे नकोत.

"माणशी एक जोड," त्याने फर्मान काढलं. "पायात असेल तो."

"अहो," ऊर्मिला म्हणाली. सासूबाई समोर होत्या, त्यामुळे हे कोणत्या जातीचं 'अहो' आहे ते त्याला कळलं नाही. "बर्फात बूट ओले झाले तर?"

"ओले होणार नाहीत. सगळ्याचा विचार केलाय."

शनिवारी दुपारी ते पोचले. डोंगर असा पांढरा होता, की आभाळ कुठे सुरू होतं ते शोधावं लागत होतं. देवदारांच्या फांद्या बर्फाने वाकलेल्या, आणि मधूनच एखादी फांदी ओझं टाकून हलकी होऊन वर जायची. वर, पार वर, शर्यत सुरू होते ती लाकडी खोली काडेपेटीएवढी दिसत होती. उतार सरळ खाली येऊन पार्किंगच्या कडेला जाळीपाशी थांबत होता. ऊर्मिलाला वाटलं, इथून तिथवर तर मांजरही चुकणार नाही.

पद्माकरने डोंगराकडे पाहिलं नाही. तो पाटीपाशी गेला. हात मागे बांधून, देवळातला शिलालेख वाचावा तशी त्याने ती वाचली, आणि परत येऊन घरच्यांना सारांश सांगितला. गाडीच्या आत झोपायला परवानगी. गाडीच्या बाहेर खुर्ची, टेबल, शेगडी, काहीही मांडलं की त्याला कॅम्पिंग म्हणतात, आणि कॅम्पिंगला सक्त बंदी.

"म्हणजे आत ऱ्हायलं तर वस्ती, आणि बाहेर खुर्ची टाकली की गुन्हा?" कुंदाताईंनी विचारलं.

"बरोबर, आई. आतलं आत, बाहेरचं बाहेर."

"तुझ्या रबरावानी."

"तसंच."

तोवर कुंदाताईंनी आपलं घर लावलं होतं. गाडीत शिरल्या शिरल्या ओटा, ओट्यावर त्यांनी खंडोबाचा टाक आणि बाळकृष्ण मांडला, समोर बॅटरीवर लुकलुकणारा दिवा. मग सून आत यायला लागली तशी त्यांनी हात आडवा केला.

"जोडे बाहेर."

"आई, बाहेर बर्फ आहे," ऊर्मिला म्हणाली.

"असू दे की. दार उघडलं की समोर देव हायेत. देवापुढं जोडे ठिवू?"

मग ऊर्मिलाने बूट काढले. पद्माकरने काढले. जन्मभर दाराबाहेर जोडे काढलेल्या माणसाचा पाय उंबऱ्याशी आपोआप सुटतो. तिथे पाटी लागत नाही. बूट ओळीने, टाचा दाराकडे करून, बर्फात उभे राहिले. पाट्या वाचण्यात आयुष्य घातलेल्या पद्माकरला त्या ओळीत वावगं काही दिसलं नाही. कारण ते सामान नव्हतं. ते जोडे होते.

शेजारी डॉर्टमुंडहून आलेलं कुटुंब होतं. नवऱ्याचं नाव ऊवे. आडदांड, लालबुंद, सदा हसणारा. त्याने गाडीपुढे दोन खुर्च्या टाकल्या, छोटी शेगडी पेटवली आणि सॉसेज भाजायला घेतले. वास सगळ्या लॉटभर पसरला. पद्माकर खिडकीतून बघत होता, आणि त्याचा जीव तीळ तीळ तुटत होता.

"जाऊ दे ना," ऊर्मिला म्हणाली. "आपल्याला काय करायचंय?"

"पाटी सगळ्यांसाठी असते."

तो पुन्हा बूट चढवून गेला, आणि अत्यंत सभ्य भाषेत ऊवेला कॅम्पिंगची व्याख्या समजावून आला. ऊवे हसला, एक सॉसेज पुढे केला. पद्माकरने तो घेतला नाही. मग तो थेट लॉटची देखरेख करणाऱ्या त्सेंगर्ले नावाच्या माणसाकडे गेला. हे त्सेंगर्ले म्हणजे नारिंगी जाकीट, पांढऱ्या मिशा आणि शब्दांची मोठी काटकसर. ते आले, त्यांनी खुर्च्यांकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं, आणि बोटाने 'आत न्या' अशी खूण केली. ऊवे खुर्च्या मिटायला लागला. पद्माकरच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जसं काही त्याच्याच शेतात पाणी आलं.

तेवढ्यात ऊवेने हातातल्या चिमट्याने, चिमट्यात सॉसेज तसाच, पद्माकरच्या दाराकडे दाखवलं.

"आणि ते?"

त्सेंगर्लेंनी मान वळवली. उरलेल्या जोड्यांची ओळ बर्फात शहाण्या मुलांसारखी उभी होती.

"ते बूट आहेत," पद्माकर म्हणाला.

"बाहेर आहेत," त्सेंगर्ले म्हणाले.

"पण ते मांडलेले नाहीत. काढलेले आहेत."

"जे बाहेर, ते कॅम्पिंग." त्सेंगर्लेंनी वाक्य संपवून तोंड मिटलं. "सकाळी मी बर्फ लोटायला येतो. तोवर काही बाहेर दिसलं, तर ज्याचं असेल त्याने गाडी घेऊन निघायचं."

ऊवे इतका हसला की त्याचा सॉसेज बर्फात पडला. त्याने तोही चटकन उचलून आत नेला. नियम म्हणजे नियम.

गाडी काढायला लागली तर सकाळची शर्यत गेली, हे पद्माकरला सांगायला लागलं नाही. त्याने आत येऊन आईपुढे बाजू मांडली. कुंदाताईंनी ऐकून घेतलं.

"बाथरूममध्ये ठेवू," तो म्हणाला.

"मी आंघूळ कुठं करू? जोड्यांवर?"

"मागच्या डिकीत?"

"तिथं पीठ हाय. चटणी हाय. अन्नाशेजारी पायताण ठिवणार तू? कुणी शिकवलं तुला हे? तुझ्या त्या पाटीनं?"

"आई, त्या माणसाने सांगितलंय..."

"त्यो त्याच्या दाराचा मालक, मी माझ्या. देवाला त्याच्या पाटीतलं वाचता येत न्हाई."

ऊर्मिला कोपऱ्यात बसून चहा पीत होती. जन्मात पहिल्यांदा तिला नवऱ्याची कीव आली, आणि त्याच्या दुप्पट मजाही आली. दोन कायदे समोरासमोर उभे होते आणि मधे बिचारा त्यांचा भक्त.

पण पद्माकर इंजिनिअर होता. तो बाहेर गेला, गाडीभोवती फिरला, वाकून खाली बघितलं, आणि हसत परत आला. किराणा आणायचा घडीचा प्लास्टिकचा क्रेट त्याने उघडला, सगळे जोडे त्यात भरले, शेवटी पायातलेही, तो क्रेट गाडीच्या मागच्या बंपरखाली सरकवला आणि मोज्यांवरच उड्या मारत दारात आला.

"गाडीच्या आत नाही, म्हणजे देवापुढे नाही. आणि वरून पाहिलं तर गाडीच्या छपराच्या रेषेच्या आत आहे, म्हणजे बाहेरही नाही." तो हात झटकत म्हणाला. "सगळ्याचा विचार केलाय."

"अर्धा क्रेट बंपरच्या बाहेर आलाय," ऊर्मिला म्हणाली.

"तो सायकल स्टँडच्या रेषेत आहे. सायकली टांगायचा तो स्टँड गाडीचाच भाग."

एवढ्यावर थांबला असता तर तो पद्माकर कसला? मोज्यांच्या पायांनी पुन्हा बर्फात उतरवेना, म्हणून दाराच्या पायरीवर उभा राहून त्याने लांबून जाणाऱ्या त्सेंगर्लेंना जर्मन रीतीने 'हेर', म्हणजे 'श्रीयुत', लावून हाक मारली. "हेर त्सेंगर्ले! आमचं आता बाहेर काहीही नाही. मी स्वतः तपासलंय!" त्सेंगर्लेंनी हात वर केला. म्हणजे ऐकलं.

रात्रभर बर्फ पडला. आवाज न करता, कुणाला न विचारता, सगळ्या रेषांवर सारखाच.

सकाळी कुंदाताईंनी देवाला बॅटरीचा दिवा लावला, ऊर्मिलाने पोहे केले. वरच्या भोंग्यातून गाणी सुरू झाली होती. शर्यतीला अजून अवकाश होता. पद्माकर दाढी करून, मफलर गुंडाळून तयार. इतक्या लवकर तो लग्नाच्या दिवशीही तयार झाला नव्हता. तेवढ्यात मागून घरघर आली. त्सेंगर्ले ट्रॅक्टरला फाळ लावून लॉट साफ करत होते. गाडीच्या अगदी मागून, बंपरला जेमतेम न लागता ते गेले. असा सफाईदार हात, की पद्माकरने खिडकीतून मान डोलावली.

मग त्याने दार उघडलं, कठड्याला धरून मागे वाकून पाहिलं. बंपरखाली काही नव्हतं. जमीन घोटून काढल्यासारखी स्वच्छ. लॉटच्या टोकाला दोन मजली उंच बर्फाचा ढीग होता आणि त्सेंगर्ले त्यावर आणखी बर्फ चढवत होते.

"हेर त्सेंगर्ले!" पद्माकर ओरडला. "आमचे बूट!"

ट्रॅक्टर थांबला. त्सेंगर्ले खाली उतरले, सावकाश चालत आले.

"कुठे होते?"

"इथे. खाली. क्रेटमध्ये."

"बाहेर?"

आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आत आणि बाहेर यातलं एक निवडायचं होतं, आणि दोन्हीकडून तोच अडकत होता.

"तुम्ही काल सांगितलंत, बाहेर काही नाही," त्सेंगर्ले म्हणाले. "मी तुमच्यावर विश्वास ठेवला. माणूस तपासून सांगतो म्हणाला." त्यांनी ढिगाकडे पाहिलं. त्यांच्या मिशा किंचित हलल्या. "एप्रिलमध्ये वितळतं. तेव्हा या. सगळं सापडतं."

पलीकडच्या गाडीच्या खिडकीत ऊवे, त्याची बायको आणि पोरं काचेला नाकं लावून उभी होती. आज ऊवे हसत नव्हता. त्याने दार किलकिलं करून हिरवे रबरी बूट वर धरले. "हेर शिंगटे! घ्या! थोडे मोठे आहेत!"

थोडे म्हणजे त्यात पद्माकरचे दोन्ही पाय एकात मावले असते. आणि ते मागायला काल ज्याची शेगडी विझवली त्याच्या दारापर्यंत मोजे घालून जावं लागलं असतं. पद्माकरने हातानेच नको म्हटलं. भोंग्यातलं गाणं थांबलं. बाईच्या आवाजात मुलींची नावं वाचली जाऊ लागली. ऊर्मिलाने दाराशी येऊन वर बघितलं. काडेपेटीएवढ्या खोलीपाशी रंगीत ठिपके गोळा होत होते.

"अहो," ती म्हणाली.

"खुर्चीत बसून बघू आपण खिडकीतून," पद्माकर हळूच म्हणाला. "इथूनही दिसतं."

"दिसतं. तुम्हाला ती. तिला तुम्ही दिसणार आहात का?"

तो दाराच्या पायरीवर बसला. जाडजूड मोज्यांचे पाय पुढे लटकत होते. बूट नसलेला माणूस किती लहान दिसतो, असं ऊर्मिलाच्या मनात आलं, आणि तिच्या जिभेवरचे सगळे टोमणे जागीच विरघळले.

कुंदाताई आत काही तरी उचकत होत्या. साड्यांच्या पिशवीच्या तळातून त्यांनी निळ्या पट्ट्यांच्या रबरी चपला काढल्या. त्या घरात वापरायच्या. वजनकाट्याला न दाखवता आणलेल्या.

"घाल," त्या म्हणाल्या.

"आई, या आतल्या चपला आहेत. बाहेर कशा..."

"आरं घाल की गपचिप! देवाचं मी बघते."

मग ऊर्मिलाने पावाच्या रिकाम्या पिशव्या आणल्या, मोज्यांवरून त्याच्या पायात चढवल्या आणि घोट्याशी दोऱ्याने बांधल्या. अंगठ्यासाठी पिशवीवरूनच पट्टा कोंबला. कुंदाताईंचा पाय चिमुकला, पद्माकरची टाच चपलेबाहेर लोंबत होती. तो उठला, एकदा घसरला, कठडा धरला. मग त्याने कठडा सोडला.

दार उघडंच टाकून तो निघाला. कुलूप लावून पुन्हा ओढून बघणारा माणूस, आज त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. फटाक्‌ फटाक्‌ चपला वाजवत, पिशव्या फडफडवत, हात पसरून तो लॉट ओलांडत गेला. ऊवेच्या खिडकीपाशी थबकला, मान थोडी खाली घातली, काहीतरी बोलला. ऊवेने हात हलवला. पुढे उताराकडे जायच्या वाटेवर छातीएवढी मोठी पिवळी पाटी होती. तिच्यावर पाच-सहा ओळी आणि खाली चालणाऱ्या माणसाच्या काळ्या आकृतीवर लाल काट मारलेलं चित्र. ऊर्मिलाला वाटलं, आता हा थांबणार. हात मागे बांधणार. वाचणार.

पद्माकर पाटीच्या उजव्या अंगाने गेला. त्याने पाटीकडे बघितलंही नाही.

ट्रॅक्टरशी उभ्या त्सेंगर्लेंनी शिट्टी तोंडाशी नेली होती. ती त्यांनी तशीच खिशात ठेवली. ऊवेच्या खिडकीत पोरं टाळ्या वाजवत होती. दारात कुंदाताई पदर तोंडाशी धरून, आपल्या आतल्या चपला बाहेर जाताना बघत होत्या. ऊर्मिला त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. आणि वर, काडेपेटीएवढ्या खोलीपाशी, लाल शिरस्त्राणाचा एक ठिपका ओळीतून पुढे सरकून कडेला आला, खाली वाकला, आणि बर्फातून वाकडातिकडा जाळीकडे निघालेल्या त्या माणसाकडे बघत काठी वर करून तसाच उभा राहिला.